पिकअपसाठी टिकाऊ कॅनोपी: पत्र्याच्या गेजआधी पाहायच्या गोष्टी

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेटरकडे गेलं की गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पत्रा किती गेजचा टाकायचा? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो. कॅनोपीचा, म्हणजे पिकअपच्या हौद्यावर बसवायच्या बंद टपाचा, पत्रा सहसा मोडत नाही. तडकतात ते सांधे, ढिले पडतात ते क्लॅम्प आणि सडतो तो पाणी साचून राहिलेला खालचा पाइप. म्हणून आधी वजन, मग बैठक, मग सांगाडा आणि त्यानंतर पत्रा, असा क्रम इथे धरला आहे.

बोलेरो कॅम्पर, बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझूची डी-मॅक्स आणि व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा गाड्यांच्या हौद्यावर कडक, बंद टप बसवायचा असेल तर पुढचं सगळं लागू पडतं. फक्त माल भिजू नये एवढीच गरज असेल, तर पाइपच्या कमानी आणि पीव्हीसी लेपाची ६०० ते ६८० जीएसएमची (चौरस मीटरमागे तेवढ्या ग्रॅमची) ताडपत्री यात काम भागतं. ती हलकी असते, स्वस्त असते आणि फाटली तर शिवून मिळते. कुलूप लावायचं असेल, हत्यारं ठेवायची असतील किंवा आत झोपायचं असेल, तरच कडक कॅनोपीचा खर्च करा.

पायरी १: हौदा कोणत्या जातीचा आहे ते पाहा

काही गाड्यांच्या हौद्याच्या बाजू पक्क्या, दुहेरी पत्र्याच्या असतात आणि फक्त मागचा फाळका पडतो. व्ही-क्रॉस आणि हायलक्स या जातीच्या. कॅनोपीचं वजन या बाजूंच्या काठावर टेकवता येतं. मालवाहू पिकअपमध्ये मात्र बहुधा बाजूचे फाळकेही बिजागरीवर उघडतात. त्यांच्यावर काहीही टेकवायचं नाही. फाळक्याची बिजागरी आणि कडी आडवा धक्का सोसायला असते, वरून बसणारं वजन पेलायला नसते. तसं केलं तर काही महिन्यांत कडी लागेनाशी होते आणि मग लोक फाळका वाकडा झाला म्हणून हातोड्याने ठोकत बसतात.

गाडी अजून घ्यायची असेल तर आणखी एक वाट आहे. बोलेरो पिकअप हौद्याशिवाय, नुसती केबिन आणि चेसिस अशीही मिळते. शोरूमचे लोक तिला सीबीसी म्हणतात. तिच्यावर सुरुवातीपासून बंद बॉडी बांधून पासिंग तसंच करून घेतलं की पुढची कागदपत्रांची बरीच डोकेदुखी टळते.

पायरी २: वजनाचा हिशेब

आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट कमाल वजन. दोन्हींतला फरक ही तुमची सगळी शिल्लक. कॅनोपी, टपावरचं कॅरियर, पाण्याचे कॅन, जादा बॅटरी, माणसं आणि माल, सगळं त्याच शिल्लकीतून वजा होतं. पाच माणसांच्या आणि ऐषारामी सोयींच्या पिकअपमध्ये ही शिल्लक साध्या मालवाहू गाडीपेक्षा बरीच कमी असते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

कॅनोपीचं वजन कागदावर काढणं सोपं आहे. लोखंडी पत्रा दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो भरतो, ॲल्युमिनियम २.७ किलो. समजा हौदा दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आहे आणि कॅनोपी काठापासून ६० सेंटिमीटर वर येते. छत, दोन बाजू, पुढचं आणि मागचं तोंड मिळून ५.८५ चौरस मीटर होतात. १८ गेज म्हणजे १.२ मिमी लोखंडी पत्रा घेतला तर त्याचेच ५५ किलो. सांगाड्याला २५ बाय २५ बाय २ मिमीचा चौकोनी पाइप साधारण २० मीटर लागतो, मीटरला १.४ किलो, म्हणजे २८ किलो. काच, बिजागऱ्या, क्लॅम्प आणि रबर यांचे १५ ते २० किलो धरले की बेरीज शंभराच्या आसपास जाते. हीच वस्तू २ मिमी ॲल्युमिनियम पत्रा आणि ४० बाय ४० बाय २ मिमी ॲल्युमिनियम पाइपात केली तर ६५ ते ७० किलोत होते. पिंपळगावच्या लिलावात मोजतात त्या २० किलोच्या टोमॅटो क्रेटच्या भाषेत सांगायचं तर दीड-पावणेदोन क्रेटचा फरक, आणि तोही कायमचा.

इथे एक सावधगिरी. फॅब्रिकेशनचा भाव बऱ्याचदा किलोवर सांगतात. किलोचा भाव असला की काम जड होत जातं, कारण जास्त लोखंड म्हणजे जास्त बिल. मोजमापाचं चित्र काढून घ्या, वजनाची कमाल मर्यादा त्यावर लिहा आणि ठोक भाव ठरवा.

काम सुरू होण्याआधी गाडी भुईकाट्यावर घाला. एकदा पूर्ण आणि एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. कॅनोपी बसल्यावर टाकीत तेवढंच डिझेल असताना पुन्हा तसंच करा. मागच्या धुऱ्यावर नेमकं किती वाढलं हे या दोन पावत्यांवरून कळतं. पाट्यात (मागच्या स्प्रिंगमध्ये) एक पान वाढवलं की गाडी बसत नाही हे खरं, पण आरसीवरची क्षमता त्याने वाढत नाही. जादा वजनाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा आहे.

पायरी ३: बैठक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पक्क्या बाजूंच्या हौद्यावर कॅनोपीची खालची चौकट काठावर बसते आणि आतून क्लॅम्प तिला काठाच्या ओठाशी आवळून धरतात. दीड मीटरच्या हौद्याला बाजूला तीन, असे किमान सहा क्लॅम्प हवेत. चारावर भागवणारे भागवतात, पण मग एक ढिला झाला की उरलेल्या तिघांवर ताण येतो. बोल्ट एम-१० (१० मिमी जाडीचे), ८.८ ग्रेडचे, नायलॉकच्या, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेल्या, नटासह. चौकट आणि काठ यांच्यामध्ये ३ ते ५ मिमीची ईपीडीएम रबराची सलग पट्टी. फुसफुशीत स्पंज लावू नका. तो दबत जातो आणि त्याबरोबर क्लॅम्पचा ताण उतरत जातो. उलट बाजूने, पान्याला पाइप लावून आवळलं तर काठाचा ओठ वाकतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

हौद्यात प्लास्टिकचं लायनर असेल तर ते काठावरून बाहेर वळलेलं आहे का, हे आधी पाहा. तशा लायनरवर क्लॅम्प बसवला तर गुळगुळीत प्लास्टिकवरून कॅनोपी पुढे-मागे सरकते. काठावरचा भाग कापा किंवा काठाखाली संपणारं लायनर घ्या.

फाळके पडणाऱ्या हौद्यात कॅनोपीला स्वतःचे पाय हवेत. चार कोपऱ्यांवर ४० बाय ४० चे खांब थेट हौद्याच्या तळापर्यंत उतरवायचे. प्रत्येकाखाली १०० बाय १०० बाय ६ मिमीची प्लेट आणि दोन बोल्ट. हे बोल्ट तळाखालच्या आडव्या दांड्यावर यायला हवेत. नुसत्या पत्र्यात भोक पाडून आवळलेला बोल्ट हेलकाव्यांनी भोक लांबट करतो, मग कडेने तडा जातो. दांडा सापडत नसेल तर खालून दोन दांड्यांना जोडणारी पट्टी टाकून घ्या. फाळका फक्त बंद होण्यापुरता उरला पाहिजे.

चेसिसला वेल्डिंग नाही, चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोकही नाही. कोणी कितीही सहज सांगितलं तरी नाही. गाडीवर कुठेही वेल्डिंग करावं लागलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच लावा, नाहीतर करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून वाट शोधतो.

केबिन आणि कॅनोपी यांच्यामध्ये ३० ते ४० मिमीची फट ठेवा. केबिन रबरी माउंटिंगवर तरंगत असते, हौदा चेसिसला घट्ट धरलेला असतो. खड्ड्यात चेसिस पिळली की दोघं वेगवेगळ्या दिशेला हलतात. पाहायचं असेल तर एक मागचं चाक दगडावर चढवून फट वर-खाली मोजा, दोन्ही कोपऱ्यांचं माप वेगळं येईल. ही फट सिलिकॉनने भरणं किंवा पट्टीने जोडणं म्हणजे छताच्या पुढच्या कोपऱ्यात तडा ठरवूनच टाकणं. आत-बाहेर ये-जा हवीच असेल तर मऊ रबरी भाता लावा.

पायरी ४: सांगाडा

मागचं तोंड ही कॅनोपीची सगळ्यात दुबळी जागा. बाकी तीन बाजूंना पत्रा स्वतःच तिरक्या आधाराचं काम करतो. मागे दार असल्यामुळे तो आधार नसतो, आणि घाटाच्या वळणावर चौकट तिथेच पतंगासारखी तिरकी होते. त्यामुळे बाकी सांगाडा २५ च्या पाइपाचा असला तरी मागची कमान ४० बाय ४० ची घ्या आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत ७५ मिमीच्या, ३ मिमी जाड तिकोनी पट्ट्या भरा. जुनी कॅनोपी विकत घेताना पहिली नजर याच दोन कोपऱ्यांवर टाका. रंगात केसासारखी रेघ दिसली तर खाली वेल्ड गेलेला आहे. बाजूंना मोठ्या खिडक्या कापल्या तर तिथलाही आधार जातो, म्हणून खिडकीभोवती पूर्ण चौकट हवी.

छताला दर ४०० मिमीच्या आत एक आडवी पट्टी, आणि मधोमध १५ ते २० मिमीचा उठाव, म्हणजे पाणी थांबत नाही. सपाट छतावर पाणी साचतं, पत्रा धडधडतो आणि सांधा गळायला लागतो. पत्रा सांगाड्याला सलग वेल्ड करू नये, उष्णतेने तो लाटा धरतो. पीयू (पॉलियुरेथेन) चिकटद्रव्याची सलग ओळ आणि ७५ ते १०० मिमीवर ४.८ मिमीचे रिव्हेट ही पद्धत जास्त टिकते. छताचा पत्रा बाजूवर किमान २५ मिमी उतरला पाहिजे. तो काठाशीच संपला तर सगळा भरवसा सीलंटवर राहतो.

टपावर कॅरियर लावायचं तर त्याचे पाय पत्र्यावर न येता आडव्या पट्ट्यांवरच आले पाहिजेत. उभ्या गाडीवर छत जे वजन पेलतं, ते चालत्या गाडीत पेलेलच असं नाही. बनवणाऱ्याकडून दोन्ही आकडे वेगळे मागा.

पायरी ५: आता पत्रा

लोखंड (एमएस) स्वस्त, आणि नाशिकच्या प्रत्येक नाक्यावर दुरुस्त होतं. गंज हाच त्याचा प्रश्न, आणि तो बाहेरून कमी, आतून जास्त येतो. प्रत्येक खालच्या पाइपाला तळाशी ६ ते ८ मिमीचं भोक ठेवायला सांगा आणि पाइपाची उघडी तोंडं बंद करून घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला पाइप वापरला तर वेल्डच्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंक-रिच प्रायमर लावल्याशिवाय पुढचा रंग मारू देऊ नका. नुसता रेड ऑक्साइड आणि वर चकाकता रंग एवढंच असेल तर इगतपुरी-त्र्यंबकच्या एका पावसाळ्यात वेल्डच्या रेघा तपकिरी दिसायला लागतात. इपॉक्सी प्रायमर आणि दोन हात पीयू रंग घ्या, किंवा पावडर कोटिंग. पावडर कोटिंगला भट्टीत साधारण २०० अंश सेल्सिअस लागतात, तेव्हा सगळी भोकं आधी पाडून मगच द्या.

ॲल्युमिनियम हलकं, पण त्याला आर्गन वेल्डिंगचा हात बसलेला माणूस लागतो. वेल्डजवळ धातू मऊ पडतो, म्हणून अनुभवी लोक सांध्याला पट्टी आणि बोल्टही देतात. ॲल्युमिनियम आणि लोखंड थेट एकमेकांना टेकले आणि मध्ये पावसाचं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. रबर किंवा नायलॉनचे वॉशर मध्ये हवेतच.

द्राक्षबागायतदारांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद (कॉपर सल्फेट) ॲल्युमिनियमला आणि जस्ताच्या लेपाला खातं. ऑक्टोबर छाटणीनंतर बोर्डो मिश्रणाच्या बादल्या, पंप आणि फुटक्या पिशव्या ज्या हौद्यात फिरतात, तिथे फायबर निवडा, नाहीतर आत एचडीपीई प्लास्टिकची जाड शीट टाका आणि फेरीनंतर पाण्याने धुवा. खतांच्या पोत्यांचंही तेच.

फायबर म्हणजे एफआरपी. गंजत नाही, गोलाई चांगली येते, आणि व्ही-क्रॉस किंवा हायलक्सच्या मापाचा साचा मिळाला तर बसतंही नेटकं. बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका, आतली बाजू पाहा. काचेचे धागे कोरडे, पांढरट दिसत असतील तर रेझिन कमी पडलंय. बोटाने वाजवत जा, आवाज मध्येच पोकळ झाला तर थर सुटलेत. क्लॅम्प, बिजागरी आणि कॅरियरच्या जागी आत धातूची पट्टी गाडलेली हवी. नुसत्या फायबरमधला स्क्रू वर्षभरात भोक मोठं करतो.

पायरी ६: धूळ आणि पाणी

नव्या माणसाला वाटतं, धूळ पुढून येते. ती मागून येते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते, त्यातही सगळ्यात जास्त फाळक्याच्या खालच्या बिजागरीपाशी. फाळक्याच्या तिन्ही कडांना डी आकाराचं रबर लावा आणि कॅनोपीच्या पुढच्या भागात उघडझाप करता येणारं छोटं हवादान ठेवा. ते उघडं राहिलं की आत थोडा दाब तयार होतो आणि धूळ ओढणं थांबतं. हौद्याच्या तळातली न वापरलेली भोकं रबरी गुड्डीने बंद करा.

काच टफन्डच घ्या, तिच्यावर आयएस २५५३ ची खूण असते. ॲक्रिलिकवर उन्हाने आणि पुसण्याने ओरखडे येतात. दर खिडकीवर छोटी पन्हळ असू द्या. सीलंट पीयूचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताला खातं आणि त्यावर रंग धरत नाही.

मागच्या दाराचे गॅस शॉक दाराच्या वजनावरून ठरतात. पंधरा किलोच्या, ६०० मिमी उंच दाराला १५० ते २०० न्यूटनचे दोन बहुधा पुरतात. दार बंद असताना दांडी खाली आणि नळकांडं वर, असे बसवा, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं. उलटे लावलेले लवकर फुसकतात.

आत झोपायचं असेल तर

दुहेरी केबिनच्या पिकअपचा हौदा दीड मीटरच्या आसपास असतो. पाच फूट आठ इंचाचा माणूस त्यात सरळ मावत नाही. चाकाच्या उंचवट्यांच्या वर फळीचा मजला करून तिरकं झोपा, नाहीतर फाळका पाडून त्याच्यावर तंबूचं शेपूट लावा. एक वरची आणि एक खालची अशा दोन हवेच्या वाटा हव्यात. निफाडच्या थंडीत बंद कॅनोपीत दोन माणसं झोपली की श्वासाची वाफ पहाटे छतावरून ठिबकते. छताला आतून १० मिमीचा नायट्राइल फोम चिकटवा, पाइपांवरूनसुद्धा, कारण थेंब आधी उघड्या पाइपावर धरतात. आत गॅस पेटवायचा नाही, शेगडी ठेवायची नाही आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चालत्या गाडीत हौद्यात माणूस बसवू नये, कॅनोपी कितीही पक्की असली तरी.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावलं. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आरसीवर बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. उघड्या हौद्याची गाडी कायमची बंद करायची म्हणजे तो प्रकार बदलला. बोल्टवर निघणाऱ्या कॅनोपीबद्दल कारागीर छातीठोकपणे चालतं म्हणतील, पण दंड त्यांना बसत नाही. आगाऊ पैसे देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात चित्र आणि वजन दाखवून लेखी विचारा. विमा कंपनीलाही कळवा आणि कॅनोपीची किंमत पॉलिसीत चढवून घ्या, नाहीतर अपघातात वाद होतो.

कॅनोपीने नंबरप्लेट, तिचा दिवा, ब्रेकचे दिवे किंवा मागच्या परावर्तक पट्ट्या झाकल्या जाता कामा नयेत. आतल्या दिव्याची तार बॅटरीपासून स्वतंत्र आणि सुरुवातीलाच १० अँपिअरचा फ्यूज घालून आणा. टेललाइटच्या तारेत जोड मारू नये.

ताबा घेताना

पाइपाने पाणी मारा, पण खालून वर जात. दहा मिनिटं खालच्या कडेला, मग खिडक्या, मग छत. एकदम वरून मारलं तर गळती नेमकी कुठली हे कळत नाही. आत एक जण विजेरी घेऊन बसलेला हवा. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथे रबर टेकत नाही. प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या प्लेटवर रंगाच्या पेनने एक सरळ रेघ मारा. मग थोडा माल भरून कसारा घाट उतरून-चढून या. रेघ तुटलेली दिसली तो नट फिरला. एवढ्या पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि ५०० किलोमीटरला परत एकदा. उरलेले पैसे या फेरीनंतर द्यायचे, असं सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

त्यानंतरची निगा थोडकी आहे. मेअखेरीस पाइपांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा आणि रबराला सिलिकॉन स्प्रे द्या. ग्रीस, डिझेल किंवा ऑइल लावू नका, ईपीडीएम त्याने फुगतं. पावसाळा संपला की कॅनोपीखालची रबरी पट्टी एका बाजूने उचलून काठाचा रंग पाहा. तिथे खडे अडकलेले असतात आणि रंग घासून निघालेला असतो. खरवडलेल्या जागी प्रायमर मारा आणि वाळल्यावरच क्लॅम्प परत आवळा.